अर्धा न

तात्या, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आता बारामतीच्या कॉलेजातल्या एका मॅडमना तुमची गाणी छापायची आहेत. वही स्वच्छ अक्षरात उतरवून द्या म्हणाल्या. एमआयडीसीतल्या डेअरीत मी दुधाच्या पिशव्यांवरचा मजकूर तपासतो. एक वेलांटी चुकली तरी अख्खा रोल परत पाठवतो. तुमची वही उघडायला मात्र मला आठवडा लागला.

लोक तुम्हाला मोठा कलावंत म्हणतात. लग्नातला ऑर्केस्ट्रा सोडून तुम्ही एकटेच गिटार घेऊन स्वतःची गाणी गाऊ लागलात. एक ओळ दोनदा, मग तिसरी उत्तराची. ह्याला ब्लूज म्हणतात, अमेरिकेत कापसाच्या रानात राबणारी माणसं असंच गायची, हे तुम्ही गणपती मंडळातल्या पोरांना तासभर समजावायचात. घरी एवढं कधी बोलला नाहीत. आई भाकरी थापते आहे, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून डोळे मिटून गाता, "पाटाला पाणी, उसाला पाणी, मला कुणी न्हाय." आई समोर, मी समोर. दोनदा गाता. मग डोळे उघडून आईला म्हणता, "कालच्या कालवणात मीठ न्हवतं."

स्पीकर उचलायला माणूस हवा म्हणून तुम्ही मला नववीतून काढलंत. त्याच वर्षी मी तुमच्या वहीतलं शुद्धलेखन सुधारलं. ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आणि त्या ओळीतल्या 'न्हाय'मधला अर्धा न खोडून टाकला.

घरी डोळे मिटून गायलात तरी स्टेजवर तुम्ही वहीत बघूनच गायचात. इंदापूरच्या कार्यक्रमात डोळे बारीक करून गायलात, "मला कुणी हाय." पुढून एक जण ओरडला, "मग रडताय कशापायी, तात्या?" सगळे हसले. तुम्ही माईकवरच म्हणालात, "आमच्या पोराची करामत हाय. शाळा सुटली, पर मास्तरकी सुटंना." लोक आणखी हसले.

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "चुकून नाही खोडलं. आम्ही आहोत, म्हणून खोडलं."

"आहोत म्हणं," तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात. "गाण्यात बसत न्हाय त्ये."

घरी आल्यावर तुम्ही जाड पेनानं तो न परत लिहिलात. कागद फाटेपर्यंत गिरवलात. त्याबद्दल मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही.

आता 'हाय' छापून घेणं माझ्या हातात होतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "न्हायच लिही. आपुन त्यास्नी दिसलोच कवा?" मी न्हाय लिहिलं.

काल उतरवलेली वही द्यायला गेलो. पुस्तकात लिहायला म्हणून मॅडमनी विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

मी जपून, शुद्ध बोलणारा माणूस. "कुणी न्हाय," म्हणालो. त्यांना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी परत विचारलं, मी परत तेच म्हणालो.

हे पत्र तुमच्या मूळ वहीत, त्या फाटक्या पानाशी ठेवतो आहे. एवढं मात्र खरं, की दोनदा म्हणून झाल्यावर मी तिथंच उभा राहिलो, आणि तिसरी ओळ काही मला आली नाही.