सातवी खुंटी

जुन्नर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप राघूदादा यांस,

जालिंदरचा साष्टांग नमस्कार. गुडघे गेल्यापासून साष्टांग फक्त कागदावरच जमतो, तेवढा गोड मानून घे. लोणीला थंडी पडली असेल. मेंढरं कशी आहेत? बिबट्यानं काही नेलं नाही ना? इकडे तर तो तालुक्याचा मतदारच झालाय, फक्त यादीत नाव यायचं राहिलंय.

हिरा बरी आहे. मी अजून साप्ताहिकात सदर लिहितो. गावातल्या प्रत्येकाचं उणंदुणं काढून झालं, एकाचं सोडून.

बातमी अशी की अण्णांचं हॉटेल पुन्हा उघडतंय. ऐंशी मेंढरं विकून बापानं भर बाजारपेठेत बांधलं, खाली मिसळ-भाकरी, वर सहा खोल्या, मागं मेंढरांना आवार; आणि एकोणतीस वर्षं त्याला कुलूप. माझी दिशा पुण्यात आर्किटेक्ट झाली, तिनं ते काढलं. म्हणते, शिवनेरी चढून दमलेली माणसं इथं मुक्काम करतील. मेंढरं बसायची तिथं योगासनं होणार आहेत. मेंढरं निदान पोटातून श्वास घ्या म्हणून सांगत नव्हती.

गल्ल्याशेजारच्या दहा खुंट्या पोरीला फार आवडल्या. मी सांगितलं, आपला कुणीही धनगर जेवायला आला की कुऱ्हाड तिथं टांगून मगच बाकावर बसायचा, हा अण्णांचा नियम. अदलाबदल नको म्हणून दांड्याला ज्याच्या त्याच्या लोकरीचा गोफ. तुझा काळा, माझा पांढरा. तुझी सातवी खुंटी, माझी आठवी. एवढं सांगून मी चहा प्यायला गेलो.

परवा तिनं दारावरच्या पाटीचा मजकूर आणला. शेवटची ओळ: ‘१९९६ साली मालकांचा थोरला मुलगा राघू याने येथे भिमाजी नावाच्या इसमाचा कुऱ्हाडीने खून केला व हॉटेल बंद पडले.’

“हे कशाला?” म्हटलं.

“बाबा, लोकांना इतिहासात रक्त लागतं. नुसत्या मिसळीवर कोण थांबतंय?”

आणि मी काय केलं असेल, दादा? शुद्धलेखन तपासलं. एक अनुस्वार सुधारून दिला.

कोर्टात काय सांगितलं गेलं ते तुला पाठ आहे. आता जे झालं ते लिहितो.

बाजारचा दिवस, दुपारचे दोन. मेंढरांचा दलाल भिमाजी कुऱ्हाडीसकट आत शिरला. अण्णा म्हणाले, “पावणं, खुंटीला लावा की.” तो हसला. “तुजी मेंढरं टांग खुंटीला,” म्हणाला आणि दांडा अण्णांच्या तोंडावर घातला. सुपारी फुटल्यासारखा आवाज झाला. दोन दात मिसळीच्या ताटलीत पडले, तिसरा ओठ फाडून बाहेर आला. मग छातीत लाथ, मग बरगड्यांत. गिऱ्हाईक पळालं. मी गल्ल्यामागून उठलो, खुंटीवरची कुऱ्हाड ओढली आणि भिमाजीच्या मानेत घातली. पातं अडकलं. पाठीवर पाय देऊन उपसावं लागलं. पुढचे दोन घाव तो पडल्यावरचे. रक्त दारातल्या भट्टीवर उडालं, तवा चरचरला. तो वास मला अजून भाकरी भाजताना येतो. हिराला वाटतं, मला तिची भाकरी आवडत नाही.

बापाला वाचवायला मारलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते वाक्य आज खोडतो. भिमाजी थांबला होता, दादा. कुऱ्हाड त्यानं जमिनीवर टाकली होती. अण्णा भिंतीला टेकून उठून बसले होते, रक्त थुंकत म्हणत होते, “जाऊ दे जालू, जातोय त्यो.” जाता जाता तो माझ्यापाशी थबकला. “गल्ल्यामागचा वाघ!” म्हणाला आणि पाठ फिरवली. त्या पाठीमागून मी उठलो.

घाईत हात सातव्या खुंटीवर पडला. एका विताचं अंतर.

तू मागच्या आवारातून धावत आलास, घोंगडं त्याच्या मानेवर दाबलंस, कोपरापर्यंत भरलास. मारणारा मी गल्ल्याआड आणि वाचवणारा तू रक्तात. हवालदारानं विचारलं तेव्हा अण्णा फुटक्या तोंडानं बोलले, “थोरल्यानं.” हिराला दिशाच्या वेळचा सातवा महिना होता, तुझं लग्न व्हायचं होतं. कळपातलं कुठलं राखायचं आणि कुठलं द्यायचं, हे ठरवायला अण्णांना कधी फार वेळ लागला नाही. हवालदारानं काळा गोफ धरून विचारलं, “कुणाची रे ही?” तू माझ्याकडं बघितलंस. खूप वेळ बघितलंस.

“माजी हाय,” म्हणालास.

मी चपलेवरचा डाग पुसायला वाकलो होतो.

चौदा वर्षांनी सुटलास तेव्हा मी लोणीला आलो होतो. तू एवढंच विचारलंस, “हाटेल चालू हाय का?”

“न्हाई दादा. बंद.”

“मंग मी कशापायी गेलतो रं?”

मी तुझ्या मेंढरांचं कौतुक करून परत आलो.

आज सकाळी दिशाला सगळं सांगितलं. तिच्या हातातला मोजमापाचा टेप सर्रकन मिटला. “म्हणजे मला पुढं करून काकाला आत धाडलंत,” म्हणाली. “मला विचारलं होतं कुणी?” मग पाटीचा कागद माझ्यापुढं फेकला. “नाव बदला. नायतर हे कुलूप मी परत लावते.”

बदललं. नवा मजकूर सोबत आहे. सोमवारी त्याची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जातो. वकिलाला विचारलेलं नाही. तो गप्प बसा म्हणेल, आणि तो सल्ला मी एकोणतीस वर्षं फुकट पाळलाय.

उद्घाटनाला दार तू उघडायचंस. दिशानं नऊ खुंट्यांना पॉलिश केलं, सातवी तशीच ठेवलीय. तुझी कुऱ्हाड सरकारजमा झाली. येताना दुसरी आण, काळा गोफ बांधून. त्या दिवशी पोलिसांनी मला तिथं राहू दिलं, तर गल्ल्यामागं नाही, मधोमध उभा असेन. तुझ्याकडं पाठ करून. कुऱ्हाड खुंटीला लावायची की नाही, ते तुझं तू ठरव.

तुझ्या खुंटीला हात घातलेला,
जालू