ओमारीच्या बदल्यात

प्रिय ओमारी,

तुझा निरोप येऊन नऊ दिवस झाले. उत्तर आलं नाही म्हणून काल तू टोमणाही मारलास, "ए म्हाताऱ्या, गुडघ्याबरोबर बोटंपण गेली का?" बोटं शाबूत आहेत. पण फोनवर तू मध्येच हसशील आणि मी विषय बदलेन, हे मला माहीत आहे. म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

आधी इकडचं सांगतो. परवा आम्ही सलग अकरावा सामना हरलो. मी कोट घालून बाकावर बसलो होतो. प्रेक्षकांचे वरचे दोन्ही मजले रिकामे, आणि खाली जी माणसं होती ती शेवटच्या सत्रात पोरांना टोप्या-मफलर चढवायला लागली होती. तुला दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात जे दोघे आले त्यातल्या एकाची पाठ धरली आहे. दुसरा भला मुलगा आहे, पण सामना अटीतटीला आला की हातातला चेंडू चटका बसल्यासारखा दुसऱ्याकडे टाकतो. शिवाय पुढच्या वर्षांत नवे खेळाडू निवडायचे तीन हक्क मिळाले म्हणे. ती पोरं अजून शाळेत बीजगणितात नापास होत असतील. माझ्या गुडघ्याचंही आता नक्की झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेन्डेल, जिने चढाल, नातवंडं खेळवाल. बास्केटबॉलची उडी मात्र विसरा." पगार तेवढा चालू आहे. न खेळता पुढच्या वर्षीही चार कोटी ऐंशी लाख डॉलर.

तू मिसिसिपीहून इथे आलास तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास. टोलीडोचा बर्फ बघून तू गाडीला हातच लावेनास, म्हणून चार महिने आमच्या तळघरात राहिलास. इव्हेट तुला रिकाम्या मैदानात बर्फावर गाडी चालवायला शिकवायची आणि तू घरी येऊन म्हणायचास, "तुझी बायको आपल्या कोचपेक्षा जास्त ओरडते." सकाळी सहाला आपण दोघंच सरावाला. समोरच्या संघाचे दोघे अंगावर आले की घाबरून चेंडू फेकायचा नाही, एक श्वास थांबायचं, हे मी तुला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तू तो श्वास असा थांबायचास की सगळं सभागृह तुझ्याबरोबर थांबायचं. सामन्याच्या सुरुवातीला नावं पुकारताना संघातल्या सगळ्यांत मोठ्या खेळाडूचं शेवटी येतं, ते पूर्वी माझं असायचं. त्या हिवाळ्यात तुझं यायला लागलं. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या, तुला आठवत असेल.

तुला का सोडलं, हे तुला पेपरवाल्यांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे, आणि तेवढं खरंही आहे. लीगने पगारांना एक रेषा आखली आहे. ती ओलांडली की मालकाला प्रत्येक डॉलरमागे दंड, आणि वर्षामागून वर्ष ओलांडली तर दंड वाढतच जातो. तू पहिल्या चार वर्षांच्या स्वस्त करारावर होतास तोवर आपण दोघं एका संघात मावत होतो. पाचव्या वर्षी तुझा पगार चौपट होणार होता. मालकांनी कागद बघितले आणि म्हणाले, एक जण जाईल. तुझ्यात काही कमी नव्हतं, ओमारी. तू चांगला खेळलास, म्हणून महाग झालास. एवढंच.

तो जूनचा दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तू आईसाठी नदीकाठी घर घेतलं होतंस आणि स्वयंपाकघराला पिवळा रंग लावत होतास. तुझ्या आईने, मिस लॉरेटांनी, परसात पालेभाजीचे वाफेसुद्धा केले होते. तुला संघाने कळवलं नाही, बातमी फोनवर वाजली. तू मला फोन केलास. म्हणालास, "वेन्डेल, तुला माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही रे बाबा." मग तू रडायला लागलास आणि मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मी सांगितलं होतं त्यांना, मला पाठवा, पोराला ठेवा. ऐकलं नाही त्यांनी." तू रडता रडता म्हणालास, "असं माझ्यासाठी कधी कोणी केलं नव्हतं."

कोणी केलंच नव्हतं. माझ्या करारात एक कलम आहे. माझ्या सहीशिवाय मला दुसऱ्या संघात पाठवता येत नाही. त्या फोनच्या आठ दिवस आधी व्यवस्थापक हॉलस्ट्रॉम माझ्या घरी आला होता. म्हणाला, "वेन्डेल, सॅन दिएगोचा संघ तुला घ्यायला तयार आहे. तू सही केलीस तर ओमारी राहतो. नाहीतर त्याला द्यावं लागेल. तुझ्यावर आहे." इव्हेट बाजारात गेली होती. मी विचार करायला एक दिवससुद्धा मागितला नाही. म्हणालो, "तेरा वर्षं मी इथे काढली. मी इथेच संपणार." तो म्हणाला, "पोरगा बावीसचा आहे." मी म्हणालो, "मग त्याला दुसरं गाव सापडेल." निवृत्त झाल्यावर माझ्या जर्सीचा नंबर मानाने याच सभागृहाच्या छताला टांगलेला मला बघायचा होता. आणि त्याच्याही खाली, जे मी इव्हेटलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही, ते हे, की माझ्यानंतर तुझं नाव पुकारलेलं मला सहन होत नव्हतं.

मिस लॉरेटांचं ते घर सप्टेंबरात तोट्यात विकलं गेलं, ते मला ठाऊक आहे. त्या गावाकडे परत गेल्या, तुझ्यामागे इतक्या लांब त्यांना जमेना, हेही ठाऊक आहे. तुम्ही दोघं होता तसे एकत्र राहिला असता. संघ जिंकला असता. मी तिकडे समुद्राकाठी हा गुडघा घेऊन मोडलो असतो आणि इथे कुणाचं काही अडलं नसतं. सगळं उलटून बघतो आणि दर वेळी एका सहीशी येऊन थांबतो.

परवा संघाने विचारलं, नंबर टांगायचा सोहळा मार्चमध्ये ठेवू का. मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आणि मग तुझा निरोप. फोटोत तुझ्या बाळाचं ते एवढंसं तोंड, मुठी आवळलेल्या, अगदी तुझं कपाळ. खाली तू लिहिलंस, "याचं नाव वेन्डेल ठेवतोय. माझ्यासाठी जो उभा राहिला त्याचं. नावाचे कागद महिनाअखेर भरायचे आहेत, तू ये." मी नऊ दिवस तो फोटो बघतोय. मी येणार नाही. आज वीस तारीख आहे, हे पत्र जलद टपालाने पाठवतोय, तुला वेळेत मिळेल. त्या पोराला दुसरं नाव दे. तुझ्या आईच्या वडिलांचं दे, कुणाचंही दे. त्याने मोठं झाल्यावर "माझं नाव असं का?" म्हणून विचारलं, तर तुला खरं उत्तर देता यावं. मला यापुढे काही लिहू नकोस, आणि लिहिलंस तर शिव्या लिही.

हा शब्द लिहायचा हक्क मीच घालवला, तरी दुसरा सुचत नाही,

तुझाच,
वेन्डेल