लाल ट्रेनरचे दोनशे एकतीस

११ नोव्हेंबर, मंगळवार

रविवारच्या पानावर मी लिहिलंय — ‘दोन्ही ट्रेनर नीट तपासून मगच चाचणी घेतली.’ हे चूक आहे. काळा तपासला होता. लाल नव्हता.

पान फाडत नाही. दम्यामुळे चौथीपर्यंत मला शाळेत घातलंच नाही, आईनेच घरी शिकवलं. तिच्याकडे खोडरबर चालत नसे. चुकीवर एक आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे अशी, आणि खाली बरोबर काय ते लिहायचं. तर लिहिते.

वसंताकाकांना सायकलच्या दुकानावरती हॉल सुरू करायचाय. जालन्यातल्या ट्रकांतून आणि धुळीतून कोण सायकल चालवणार? म्हणून आत, जागच्या जागी. त्यासाठी आठ ट्रेनर, म्हणजे सायकल बसवायची यंत्रं, घ्यायचेत. कुठले, ते दोन नमुने तपासून मी सांगायचं. काळ्यावर मागचं चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढते. लालमध्ये चाक तसंच राहतं, टायरला एक लोखंडी रोलर टेकतो. पायातला जोर दोन्ही वॉटमध्ये दाखवतात, पण लाल अंदाजाने. त्याला आधी दहा मिनिटं चालवून गरम करायचा, मग चाक जोरात फिरवून सोडून द्यायचं. ते किती वेळात थांबतं यावरून तो घर्षण ठरवतो.

रविवारी काकांनी लालची पूजा केली. हळदकुंकू, झेंडू — आणि नारळ फोडला तो नेमका रोलरवर! सगळं पाणी तिथेच. ‘चल, जल्दी कर, पोरी थांबल्यात!’ मी त्या थंड, चिकट रोलरवरच चाक सोडलं. लगेच थांबलं. यंत्राला वाटलं, इथे घर्षण फार, म्हणजे चालवणारीचा जोरही जास्त. मग काकांनी रोलर फडक्याने स्वच्छ पुसला आणि स्वराला बसवलं.

राज्याच्या शिबिरासाठी जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार. वीस मिनिटांच्या वॉटची सरासरी जिची जास्त, ती. काकांची मुलगी स्वरा, लालवर — २३१. धावडा गावची शीतल, काळ्यावर — २०४. कागदावर तपासनीस म्हणून सही माझी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज मीच दोन्हींवर बसले. छातीचे ठोके दोन्हीकडे दीडशेवर ठेवले. काळा म्हणतो १२२, लाल म्हणतो १४१! मी तीच, फुप्फुसं तीच.

मग लालचा रोलर धुतला. खाली टायरचा काळा भुगा, त्यात कुंकू, त्यात कुणाचा तरी घाम — सगळ्याचा एक चिखल झाला होता. नखाने खरवडला. गरम करून चाक पुन्हा फिरवून सोडलं, मग परत बसले. १२३.

हिशेब केला तर स्वराचे २३१ म्हणजे साधारण दोनशे. शीतलचे २०४. चार वॉटचा फरक! एवढ्यावर मी कोण ठरवणार? स्वराही पुढे असू शकते. पुन्हा चाचणी घेणं एवढंच बरोबर आहे.

हाताला अजून रबराचा वास येतो. तीनदा साबण लावला. भाकरी खाववली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काकांना सांगितलं. ते आधी हसले.

‘नारळाच्या पाण्यानं वॉट वाढतात व्हय गं? मंग रोजच फोडू की!’

मी वहीतले आकडे दाखवले. त्यांनी वाचले, बराच वेळ वाचले. मला वाटलं, पटलं. मग म्हणाले, ‘काल नरहरराव कंत्राटदार येऊन गेले. सोमवारी त्यांचे दोनशे दहा आल्ते, तू धुतल्यावर काल एकशे ऐंशी. तोंड पाडून गेला माणूस. आकडा मोठा दिसला तर गिऱ्हाईक उद्या येतं, साधना. लालच घ्यायचे. आठही.’

‘आणि स्वराची चाचणी?’

‘ती झाली. कागद समितीकडे गेला.’

१५ नोव्हेंबर, शनिवार

लाल पुन्हा १४१ दाखवतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

कारण कळलं. सकाळी लवकर गेले तर काका मांडी घालून लालसमोर बसलेले. हातात वाटी. वाटीत नारळाचं पाणी. बोटाने रोलरला लावत होते, बाळाला तेल लावावं तसं. मग चाक फिरवून सोडलं, थांबल्यावर ओलं फडकं फिरवलं. माझ्या वहीत वाचून शिकले! माझ्याच अक्षरातून!

मला बघून लाजलेसुद्धा नाहीत. ‘देवाचा प्रसाद आहे. तुला काय त्रास?’

शिसारी आली. त्यांची, त्या वाटीची, त्या गोडसर आंबूस वासाची. मी सगळं इतकं नीट, पायरी पायरीने लिहून ठेवलं नसतं तर? नीट लिहिणं म्हणजे चांगलं वागणं, असं मी आजवर धरून चालले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

यादी आली. स्वरा.

काकांनी पेढे वाटले. स्वराने पडद्यावरच्या २३१ चा फोटो स्टेटसला ठेवला. तिचा ओला टॉवेल माझ्या वहीवर टाकलेला होता. दोन बोटांनी उचलून खाली टाकला. पेढा तोंडात धरला आणि बाथरूममध्ये जाऊन थुंकला. आईने विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. हेही खोटं. लिहून ठेवते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

शीतलचा फोन. मी दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

‘ताई, माझं काय चुकलं तेवढं सांगा. बसायला चुकले का? शेवटच्या पाच मिनिटांत दम कमी पडला का?’

काही चुकलं नाही, म्हणाले.

‘मंग सत्तावीसचा फरक कसा? एवढा? मी अन् स्वरा रस्त्यावर संगंच चालवून राह्यलो की दोन वर्षं. ती मला कधी एवढी सोडून गेली न्हाई.’

मग तीच म्हणाली, ‘जाऊ द्या. जानेवारीत मला अठरा पूर्ण होतात, पुढच्या साली या गटात घेत न्हाईत. घरी बापू म्हणतेत, झालं तेवढं बास. वसंताकाका सायकल घ्यायला तयार हैत. तीस तारखेला आणून देते दुकानात.’

काकांनी हे मला सांगितलं नव्हतं. तिची सायकल! हॉलमध्ये लालवर चढवायला एक जुनी सायकल हवीच होती त्यांना.

फोन ठेवला. दम्याचा पंप ओढावा लागला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

निवड समितीच्या वंदना मॅडमना फोन केला. बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं, तेच वाचलं. नारळाचं त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, ‘सही तुमचीच आहे ना?’

हो.

‘तीस तारखेपर्यंत फेरचाचणी घेता येईल. दोघी एकाच ट्रेनरवर, मी समोर. पण निवड झालेल्या मुलीची लेखी तयारी लागेल. ती नाही म्हणाली तर यादी हीच राहील. आणि तुमचं तपासनीसपद जाईल, कसंही झालं तरी. चालेल?’

चालेल म्हणाले. ते जावंच.

पण स्वराची तयारी? ती कशाला देईल?

२४ नोव्हेंबर, सोमवार

काकांना सगळं सांगितलं, मॅडमना फोन केल्याचंही. हॉलमध्येच, भर दुपारी. स्वरा काळ्यावर होती, कानात गाण्याचे बोळे घालून.

‘घरातली पोर घरातल्या पोरीच्या पायावर धोंडा टाकून राह्यली!’ काका ओरडले. ‘रजनीवहिनींनी हेच शिकवलं का तुला घरी बसवून?’

‘हेच शिकवलं.’

‘सही कोणाची? तुझी. मंग खोटं कोण? मी का तू?’

‘दोघंही.’

काका जवळ आले. मग आवाज खाली आणून, अगदी मऊ — ‘हे बघ. शीतलला बी मी वाऱ्यावर सोडत न्हाई. हॉलमध्ये पोरींना शिकवायला ठेवू तिला. स्वराला विचारून बघ पाहिजे तर, ती देते का लिहून. बिलकुल न्हाई देणार.’

हा मऊ आवाज ओरडण्यापेक्षा घाण वाटला. त्यात दया कालवली होती, पेढ्यासारखी.

स्वरा सगळा वेळ पायडल मारत होती. एकदाही मान वर केली नाही. चेहऱ्यावरून घाम टपटप चटईवर. निर्लज्ज मुलगी! तिला विचारायला तोंड उघडलं होतं मी. मिटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलं नाही. हिंमत नाही. दुसऱ्यांची किळस करणं सोपं आहे, हे आज दिवसभर कळत होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी स्वराचा मेसेज. सोबत एका कागदाचा फोटो, तिच्या अक्षरात, खाली सही.

‘साधनाताई, कानातलं गाणं बंद होतं परवा, सगळं ऐकलं. रोज काळ्यावर चालवून बघते. एकशे अठ्ठ्याण्णव. कधी दोनशे एक. त्याच्या वर गेलेच न्हाई. शीतलसंगं काळ्यावर देते चाचणी. हरले तर हरले. पप्पांना आत्ताच सांगू नको, मशीन लपवतील.’

तिच्याबद्दल सोमवारी लिहिलेल्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली.

कागद मॅडमना पाठवला. त्या येतायत. शीतलला फोन केला, सायकल विकायला नको, चालवायला घेऊन ये म्हणून.

काकांना मात्र आजच सांगणार. लपवून घेतलेली चाचणी मला नको. चाचणी शनिवारी, २९ नोव्हेंबरला. सकाळी सात. काळा ट्रेनर, शटर पूर्ण वर.