आत्याबाईंचा फोटो

१० ऑक्टोबर १९५६, तळ्यावर

तंबू कसला, भोकांना कापड लावलंय! ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "सरकारी आहे." झालं, बोलणं संपलं.

हट्ट माझाच म्हणा. तलावखात्यातल्या ओव्हरसियरची बायको, आणि कॅम्प कसा असतो ते ठाऊक नाही! पुन्हा संधी कुठली? एक नोव्हेंबरला हैद्राबाद राज्याचे तीन वाटे होणार. मराठी म्हणून ह्यांच्या वाट्याला औरंगाबाद. ही इथली शेवटची मोजणी. "आई एकटी मलकपेठेतल्या घरी कशी राहील?" असं हे म्हणाले, म्हणून सासूबाई, आमच्या आत्याबाईही आल्या. घट थोरल्या पातीकडे बसतात, त्यामुळे नवरात्रात निघता आलं.

माझ्या गणेशदादानं त्याचा कॅमेरा दिलाय. "डोंगर काढ, देऊळ काढ. रीळ फुकट घालवू नको." इथं ना डोंगर ना देऊळ — चिखल आणि म्हशी!

११ ऑक्टोबर

सकाळी वारा सुटला नि तंबू ह्यांच्या अंगावर! कापडातून नुसतं डोकं बाहेर, अर्ध्या गालाला साबण, आणि तोंडानं आरडाओरडा. मी आधी कॅमेरा उचलला, मग ह्यांना. "नवरा गाडला जातोय आणि तुला फोटो सुचतो?" सुचतो, काय करू!

मग म्हशीच्या पाठीवर बगळा दिसला — तोही काढला. दादाचे डोंगर गेले खड्ड्यात.

आत्याबाईंपुढे कॅमेरा धरला तर त्यांनी पदर ओढून पाठ फिरवली. "पांढऱ्या कपाळाचा कसला फोटो काढतेस? नक्को."

औरंगाबादचं काहीही विचारा, "बघू." भांडी कुठली न्यायची? "बघू." हे बेफिकीर — "आई येणारच. जाईल कुठं?" मला मात्र धास्ती आहे. पहिलं बाळ गेलं तेव्हा आत्याबाईच माझ्या उशाशी बसून होत्या. परक्या गावात त्यांच्याशिवाय माझं निभणार नाही. हे कुणाला सांगू?

१२ ऑक्टोबर

काय पाहिलं आज!

ऊन उतरता उतरता गावातल्या बायका बतकम्मा, म्हणजे त्यांची फुलांची गौर, घेऊन तळ्यावर आल्या. परातीत पिवळी फुलं, झेंडू, थरावर थर रचलेले. पराती मधे ठेवल्या, भोवती फेर, टाळ्या, गाणी. मी बांधावर जाऊन कॅमेऱ्याला डोळा लावला — आणि फेरात आत्याबाई!

कुणा म्हातारीनं हाताला धरून ओढलं असणार. तिला काय माहीत आमच्या रीती! आमच्याकडे हळदीकुंकू असलं की ह्या स्वयंपाकघराबाहेर येत नाहीत. आणि इथं वाकून टाळ्या देत होत्या, गात होत्या — तेलुगूत, एक शब्द न अडखळता! मलकपेठेतल्या आमच्या शेजारणीकडे, अंजम्माकडे शिकल्या असणार. इतकी वर्षं एका घरात राहून मला पत्ता नाही. अंबाड्यात कुणीतरी झेंडू खोचलेला. आणि हसत होत्या! तोंड उघडून, खळखळून.

कळ दाबली. विचार केलाच नाही.

फेर थांबला तेव्हा त्यांनी मला पाहिलं. चेहरा खर्रकन उतरला. झेंडू ओढून पाण्यात टाकला. "काढलास?"

"हो."

"लोक काय म्हणतील गं? ते रीळ तळ्यात टाक."

नाही टाकलं.

१४ ऑक्टोबर, मलकपेठ

दसरा. आत्याबाईंना सोनं दिलं, पाया पडले. "सुखी राहा." एवढंच. एरवी तोंड भरून बोलतात.

रीळ कोठीच्या बाजारात फोटोवाल्याकडे धुवायला दिलं. चोरून.

२२ ऑक्टोबर

फोटो आले. ह्यांचं डोकं हललंय. बगळा म्हणजे पांढरा ठिपका. आणि आत्याबाई — लख्ख!

ह्यांनी तो फोटो खिडकीपाशी उजेडात नेला. मग म्हणाले, "मी आईला असं कधी पाहिलंच नाही गं." एवढ्यात त्या मागे उभ्या! फोटो ह्यांच्या हातातून घेतला, पदराखाली घातला आणि चपला घालून थेट अंजम्माकडे.

फाडला असणार. मला रडूच आलं. हे म्हणतात, "एका फोटोसाठी?" नाही हो, फोटोसाठी नाही.

२७ ऑक्टोबर

बांधाबांध. पाठ मोडली. आत्याबाई बोलू लागल्या, देवा! माझ्या ट्रंका त्यांनीच भरल्या. मेतकूट, सांडगे, लोणच्याची बरणी चिंध्यांत गुंडाळून. "तुमचं सामान?" म्हटलं तर, "माझं काय, एक बोचकं." म्हणजे येणार! जीव भांड्यात पडला.

३० ऑक्टोबर

शाल काढायला ट्रंक उघडली. शालूवर तोच फोटो! काच लावलेली, काळी चौकट — अंजम्माच्या मुलाकडून कोठीहून करवून आणलेली.

आमच्या घरात चौकटीत फक्त गेलेली माणसं. मामंजी, त्यांचे वडील. हे ओरडलेच, "आई, जिवंतपणी चौकट? वेड लागलंय का?"

आत्याबाई भाकरी थापत होत्या. मान वर केली नाही. "तिकडच्या भिंतीला लावा. मी नाही येत. माझं माणूस इथं आहे, शेजारी."