बायाक्काचं सोंग

९ ऑगस्ट १९३८, शहापूर
शांतिनाथ मास्तरांचं डोकं फिरलंय! यंदा गणपतीच्या मेळ्यात राजा नाही, राणी नाही, गाणी नाहीत. म्हणे, गल्लीतलं एकेक जितं माणूस धरा, समोर बसा, विचारा, ऐका — आणि त्याचं बोलणं त्याच्यासारखंच बोलून दाखवा. पदरचं एक अक्षर घालायचं नाही. मला कोण आलं? विणकरांसाठी रहाटावर सुताच्या कांड्या भरणारी बायाक्का! गेल्या साली मी जरीचं पातळ नेसून राणी झालतो. सगळं शहापूर बघत राहिलं होतं. आणि आता हे.

१२ ऑगस्ट
गेलतो. बायाक्काचा हात रहाटावर आणि तोंड चालूच. सासूच्या गोष्टी सांगून लई हसवलं. नवरा चौदा वर्षांमागं मुंबईच्या गिरणीत जातो म्हणून गेला तो गेला. पत्र नाही, सांगावा नाही. कपाळावर कुंकू मात्र ठसठशीत. ‘आमचं मालक’ म्हणाली की रहाट थांबतो. जरासाच. मग परत घर्रर्र. हे मी पकडलं! तिला स्वतःलाही ठाऊक नसेल.

१७ ऑगस्ट
पहिली तालीम. मालकांचं बोलताना मी डोळ्यांत पाणी आणलं. मास्तर म्हणाले, “ती रडली होती काय?” नाही. “मग तू का रडतोयस?” तोंडात मारल्यागत झालं. राण्या रडतात, ती सवय जाईना.

२० ऑगस्ट
आईकडून कांड्या भरायला शिकतोय. सूत सारखं तुटतंय. आई म्हणते, आता सून कशाला आणायची!

२६ ऑगस्ट
जमलं! जमलं! पडवीत रहाट फिरवत बोलत होतो. आई चुलीपासून ओरडली, बायाक्का, आत ये की, बाहेर का बसलीस. मी उड्या मारल्या. राणीला एवढ्या टाळ्या पडल्या, पण असा आनंद कधी झाला नव्हता.

१ सप्टेंबर
काय करून बसलो मी.
आज मेळा. बायाक्का बायकांत पुढं बसलेली. मी रहाट फिरवला आणि मंडप हसून हसून लोळला. बायाक्काही पदर तोंडाला लावून हसत होती. मग मला चेव आला. गल्लीतल्या तम्मण्णा काकांकडून तिच्या मालकांचं नाव कळलं होतं. रहाट थांबवला आणि तिच्या तोंडून बोललो — “नागोजी गेलं ते गेलंच.”
बायकांतलं हसू एकदम बंद. नवऱ्याचं नाव, ते पण मंडपात! बायाक्का उठली, पदर ओढला आणि गेली.
मास्तर एवढंच म्हणाले, “रवळू, बाकी सगळं तिचं होतं. ते एक नाव तुझं.”
जेवण गेलं नाही. उद्या तिच्या पायावर डोकं ठेवणार. तोंड तरी कसं दाखवू?

२ सप्टेंबर
गेलतो. रहाट बंद होता. आक्का, चुकलं माझं, म्हणालो.
मग म्हणाली, “चौदा वर्सांत ह्या घरात कुणी त्यांचं नाव काढलं न्हाय. मला तर काढायला येतच न्हाय.”
दार लोटून घेतलं. समोर बसली.
“आनी येकदा म्हण रं. तुझ्या आवाजात नगं. माझ्या.”