कुंभारीच्या रानातला परिच्छेद

मास्तर, तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, हे आधी सांगून टाकतो. आज वाटतंय ते प्रेमाने नव्हे, अडचणीमुळे. सकाळपासून तीनदा लिहायला बसलो, तीनदा उठून येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "अहो, एक तर बसा, नाहीतर बाहेर जा. फरशी झिजेल." परवा रविवारी बार्शीला परिषद आहे आणि तिथं मला निबंध वाचायचा होता. विनोदी नव्हे. साधार, मुद्देसूद, खराखुरा निबंध: 'मेंढ्यांची चराई आणि आपल्या जिल्ह्यातील शेती'. वीस वर्षं साप्ताहिकातून लोकांच्या टोप्या उडवल्या, त्याचं फळ असं की मी तोंड उघडायच्या आत लोक हसतात. मेहुण्याच्या सासऱ्यांच्या तेराव्याला मी "फार वाईट झालं" म्हणालो, तर दोघांनी तोंडाला उपरणं लावलं. म्हटलं, एकदा तरी असं लिहावं की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडेल. परिषदेचे चिटणीस बार्शीतले एक वकील आहेत, त्यांनी संधी दिली. माझा निष्कर्ष असा होता की धनगरांचे कळप शेतांत आणि गायरानांत शिरू देणं कायद्यानेच बंद करावं. निबंध पसंत पडला तर ठराव होणार आणि ठराव लोकल बोर्डाकडे जाणार होता.

तुम्हाला आठवत असेल, मी सोळा वर्षांचा असताना असाच एक निर्णय देऊन मोकळा झालो होतो. घरात कानडी बोलणारी मुलं मराठी शाळेत घेतल्याने मराठी बाटते, असा तो निबंध. तुम्ही मला शुक्रवार पेठेत घरी बोलावलंत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलोय, वहिनी चुलीपुढे भाकरी थापतायत, आणि तुम्हाला म्हणतायत, "बर्री, ऊटा माड्री." या, जेवा. मला तेव्हाही काही उमजत नाही, एवढा मी हुशार. तुम्ही माझी वही उघडलीत. वहीचं तुमचं शास्त्र ठरलेलं होतं: उजव्या पानावर आपलं म्हणणं, डाव्या पानावर समोरच्याचं, त्याच्या तोंडून ऐकलेलं, ते त्याला वाचून दाखवायचं, त्याने 'व्हय, हेच म्हनतोय मी' म्हटलं की मगच उजव्या पानाला हात लावायचा. माझं डावं पान कोरं होतं. तुम्ही रागावला नाहीत, तेच वाईट. म्हणालात, "उजवं पान हिला वाचून दाखव." मी घाम पुसत "आत्ता?" म्हटलं. वहिनी पिठाच्या हाताने पदर सावरून वळल्या. "वाच की. मला बी कळतंय." मी वाचलं. त्यांनी भाकरी उलटली आणि विचारलं, "माज्या लेकीला दोन भाशा येत्यात. तुला किती येत्यात रं?" मग माझ्या ताटात शेंगाचटणी जरा जास्तच वाढली. सोलापुरातली सगळ्यात शुद्ध मराठी मी ज्या तुमच्याकडून शिकलो, ते तुम्ही झोपेत कानडी बडबडता, हे मला त्या दिवशी वहिनींकडून कळलं. कान त्याआधी होतेच.

तर आताचा निबंध. त्याचा जीव एका परिच्छेदात आहे. महिन्यापूर्वी अक्कलकोटहून येताना कुंभारीपाशी आमच्या मोटारीचा टायर बसला. खाली उतरलो तर रस्त्याकडेच्या रानात दीड-दोनशे मेंढरं, आणि मधे एक शेतकरी धनगरापुढे हातवारे करकरून ओरडतोय, शेवटी तर त्याने हात जोडले. धनगर ढिम्म, काठीवर हनुवटी टेकून उभा. टायर बसवून होईपर्यंत माझा परिच्छेद तयार होता: 'डोळ्यांदेखत आपलं शेत तुडवलं जात असताना हात जोडण्यापलीकडे काही करू न शकणारा तो अगतिक भूमिपुत्र.' वकिलांनी तो वाचून मला चक्क मिठी मारली. "ह्या परिच्छेदावर सभा उठून उभी राहणार बघा! बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल."

मागच्या आठवड्यात मंगळवारी मी कुंभारीला गेलो. रान सापडलं, शेतकरीही सापडला, बांधावर तंबाखू मळत बसलेला. मी ओळख दिली, कागद काढला आणि परिच्छेद वाचून दाखवला. आवाज थोडा कापरा केला, खोटं कशाला बोलू. तो मन लावून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "लई वंगाळ झालं बगा बिचाऱ्याचं. कुन्या गावचा ह्यो?"

मी म्हटलं, "अहो, तुम्हीच. महिन्यापूर्वी. ह्याच रानात. तुम्ही धनगरापुढं हात जोडत होतात."

"आँ? त्ये व्हय!" तो एवढा हसला की तंबाखू सांडली. "अवो, म्या बसवली हुती की मेंढरं! लेंडीखताला. तीन रात्री बसली, आजून दोन रात्री ऱ्हा म्हनून पाया पडत हुतो त्येच्या. त्यो म्हनं फुडल्या गावाला शब्द दिलाय. ऐकतोय व्हय त्यो? लई ताठा हाय त्यास्नी. ज्वारी वाढवून देतो म्हटलं तरी न्हाय ऱ्हायला." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "आन रानात हुतं काय तुडवायला? धसकटं? तुमी शेरातलं का?" पलीकडच्या बांधावरून कुणी तरी हाक मारून विचारलं, पाहुणा कोण. हा ओरडला, "पेपरवालं हायती! माजी कीव कराय आल्यात!"

मास्तर, कापणी होऊन गेलेलं रान मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यात ज्वारीचं एक ताट उभं नव्हतं. पण अगतिक भूमिपुत्र एकदा सुचला की पीक आपोआप उगवतं. कुठं कळप उभ्या पिकात शिरतही असतील. पण ते मी पाहिलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि ह्या पाहिलेल्या एका रानाच्या जोरावर सगळ्या जिल्ह्याची रानं बंद करायला निघालो होतो. ठराव झाला असता तर तो ताठ धनगर कुठे गेला असता, आणि ह्या माणसाने खत कुठून आणलं असतं, ह्याचं एक वाक्य माझ्या चाळीस पानांत नाही.

वकिलांना सगळं लिहून कळवलं. उत्तर आलं: 'तपशील किरकोळ आहे, वाक्य उत्तम आहे, राहू द्या.' पुन्हा लिहिलं की राहू देणार नाही, शेतकरी जे बोलला तेच वाचीन आणि ठरावाला विरोध करीन. काल कार्यक्रमपत्रिका आली. सकाळच्या गंभीर निबंधांतून माझं नाव गेलंय. दुपारी, भोजनोत्तर, 'आपल्या खुमासदार शैलीत दोन शब्द'. ठराव मात्र सकाळीच आहे. म्हणजे सभा आधी हात वर करणार, मग जेवणार, मग मी सांगणार आणि ती पोट धरून हसणार. मी आज तार केली, की मी सकाळीच येतोय, आणि ठराव मांडल्यावर बोलायला उभा राहीन. खाली बसवायचं असेल तर चारचौघांत बसवा. तेव्हापासून पाय घरात ठरत नाहीत. हसले तर काय करू? तिथं मला पहिल्यांदाच कुणी हसायला नकोय.

हे वाचून तुम्ही वहिनींना हाक मारून म्हणाला असतात, "पोरगं शेवटी विचारायला गेलं हो." म्हणून एक सांगतो. त्या मंगळवारी मी विचारायला गेलो नव्हतो. परिच्छेदाच्या शेवटाला मला त्या शेतकऱ्याच्या तोंडचं एखादं रडकं वाक्य हवं होतं, तेवढंच आणायला गेलो होतो. तुम्ही हयात असतात, तर एवढं गाळून पत्र टपालात टाकलं असतं.