मशीन अजून वाजतं

१९ एप्रिल २०२०
अकराला मेसेज आला. 'ठीक.' सॅटेलाइटवरून जातो, म्हणून कमी शब्द, असं शि. म्हणतो. लग्नाआधी हाच शिरीष मला चार-चार पानी मेल लिहायचा. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात त्या वेळी संध्याकाळचे सहा. दोघं बीन्स गरम करत असतील. दोघं म्हणजे शि. आणि त्याचा ऑफिसातला जुना मित्र डेक्लन. नोकरी गेली, जरा डोकं मोकळं करतो म्हणून सहा आठवडे सोनं शोधायला गेला. परतीचं विमान रद्द झालं हे सांगताना आवाज जरा जास्तच आनंदी होता.
इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेत लॉकडाऊन, घरापासून दोन किलोमीटरची हद्द. कंपनीचं पत्र दाखवून कामावर, कामावरून घर. मधे एक पोलीस, रोज तोच प्रश्न.

२५ एप्रिल
शनिवारी डिझेल-पाणी भरायला गावात येतात, तेव्हा खरा फोन. आज वीस मिनिटं, त्यातली बहुतेक गाडीवर. डे.ची जुनी डिझेल फोर-बाय-फोर, नाव म्हातारी. एअर फिल्टर रोज झटकायचा, रेडिएटर रोज बघायचा, वाळू आली की टायरची हवा कमी करायची, रस्ता लागला की परत भरायची. "तिचं करता करता नऊ वाजतात गं," कौतुकानं सांगत होता. घरी साधा चहासुद्धा हातात द्यावा लागायचा.
ती बंद पडली तर दुसरी गाडी आहे का, विचारलं. "दुसरी कुठून आणू?" आमच्या कंपनीत असं डिझाइन कोणी आणलं तर मी सही करणार नाही.
सोनं: काही नाही. डे.चं डिटेक्टर मशीन जुनं, धड चालत नाही.

२ मे
शि. म्हणतो, आपलं नवं मशीन परत एकदा तपास. निघायच्या आदल्या रविवारी मागच्या बागेत लावलं होतं, तर फिरवू तिथे वाजत होतं. तो फिरवत होता, मी शेजारी उभी राहून मॅन्युअल वाचत होते. मग मी फिरवलं, तेच. मी निकाल दिला, खराब आहे. टेस्ट इंजिनिअर मी, म्हणून ऐकलं त्यानं, आणि डे.च्या जुन्यावर भरवसा ठेवून गेला. इतक्या वर्षांत माझं एक ऐकलं, ते हे.

९ मे
दोनाचे पाच किलोमीटर झाले. समुद्रापर्यंत जाऊन आले. पाणी होतं, माणसं होती, मला कोणाशी बोलायचं नव्हतं.
दुपारी बागेत कानातलं पुरलं आणि मशीन फिरवलं. पुरलं तिथे वाजलं, नव्हतं पुरलं तिथेही वाजलं. कुंपणापलीकडून ब्रीडा, शेजारीण, पंच्याहत्तरीची: "मातीत जुनं काही शोधायला इथे लायसन्स लागतं हं!" म्हटलं, माझंच कानातलं शोधतेय. "मग ग्रँड," म्हणजे ठीक. आणि तिथेच खुर्ची टाकून बघत बसली. तिला तरी दुसरा काय विरंगुळा.

२३ मे
सापडलं. कानातलं नाही, कारण सापडलं.
मशीन खुर्चीवर आडवं ठेवलं, एकदम शांत. मी जवळ गेले, वाजलं. घड्याळ काढलं, वाजलं. पट्टा, क्लिप, अंगठी, सगळं काढलं, तरी वाजलं. मग खाली बघितलं.
जोडवी!
मंगळसूत्र कपाटात डब्यात, टिकली दिवाळीला, पण जोडवी लग्नापासून पायात. मोज्यात दिसत नाहीत, कोणी विचारत नाही. कंपनीच्या धूळबंद क्लीनरूममध्ये दागिने घालायचे नाहीत हा नियम मी लिहिलाय, आणि त्यात जोडवी येत नाहीत हेही मीच ठरवलंय. दर विमानतळावर माझा पाय वाजतो. तरी सुचलं नाही, कारण ती दागिना आहेत असं कधी वाटलंच नाही. नखांसारखी, आहेत.
काढायची म्हटल्यावर हात अडला. नवरा लांब, वाळवंटात, आणि मी जोडवी काढणार. घरात कोणी नाही, तरी मागे वळून बघितलं. मग स्वतःचाच राग आला आणि साबण घेतला. डावं सहज निघालं. उजव्यानं रक्त काढलं.
आता मशीन गप्प. फक्त कानातल्यावर वाजलं, तेही वीतभर खोल. उत्तम मशीन आहे.

३० मे
शि.नं विचारलं, "तपासलंस?"
"मशीन अजून वाजतं," मी म्हणाले.
तोंडातून गेलं खरं, पण आठवडाभर घोळत होतं. खरं सांगितलं तर कुरिअर कर म्हणेल. सोनं सापडायला लागलं की हा कशाला परत येतोय? हाती काही लागलं नाही तर कंटाळून घरी येईल. मला तो घरी हवा आहे. रडून सांगायचं नव्हतं, म्हणून असं सांगितलं.
जोडवी सिंकपाशी वाटीत. बोट सुजलंय.

५ जून
वटपौर्णिमा. साताऱ्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "तिकडं वड न्हाई तर पाटीवर चित्र काढायचं. आन् पायात जोडवी हायत न्हवं? दाव बघू."
"मोजे घातलेत, आई. थंडी आहे."
"जूनमदी?"
"आयर्लंड आहे, आई."
मग रडायला लागल्या. कधी येणार गं तो. मी म्हटलं, येईल, मशीन खराब आहे त्याचं. सूज केव्हाच उतरली आहे. जोडवी वाटीतच आहेत, आणि पाय हलके वाटतात हे कोणाला सांगायचं?

११ जुलै
गणित चुकलं. जवळच्या जमिनीत उरलंय ते बारीक, आणि बारीक त्यांच्या मशीनला ऐकू येत नाही. म्हणून आता लांब जाणार, जिथे मोठे तुकडे मिळतील. फोन पंधरवड्यातून एकदा. मी विचारलं, म्हातारीचं काय? "वॉटर पंप जरा कुरकुरतोय. डे. म्हणतो, शी'ज ग्रँड."
तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.
इकडे सगळा देश खुला झालाय. ऑफिसचे लोक कोनेमाराच्या डोंगरांत फिरायला गेले. तिकडे फोनला रेंज नसते आणि अकराला मेसेज येतो, म्हणून मी घरी.

१० सप्टेंबर
अकरा वाजून गेले. नाही आला.

११ सप्टेंबर
नाही.
त्यांच्या गावातल्या पोलिसांना फोन केला. बाई शांत होत्या. मार्ग कुठे लिहून ठेवलाय का? पेट्रोल पंपावर ठेवलाय, शि.नं मागे सांगितलं होतं. पाणी किती नेलंय? माहीत नाही. गाड्या किती? एक. "वन," असं लिहून घेतल्याचं ऐकू आलं.
जवळ सोनं मिळालं असतं तर तो लांब गेला नसता. मशीन इथे पलंगाखाली आहे.

१२ सप्टेंबर
नाही. आज फोनचा शनिवार, तोही नाही.
जोडवी घातली. बी.ई. गेलं खड्ड्यात. उजवं वाकडं झालं होतं, दाबून बसवलं, आत रुतलं. देवापुढे दिवा नव्हता, चहाच्या टेबलावरची सुगंधी मेणबत्ती लावली. परत आण, परत आण, एवढंच म्हणत बसले. सा.बा. तीनदा फोन करून गेल्या. उचलला नाही.

१३ सप्टेंबर
'ठीक. दोघंही.'
ब्रीडाला कुंपणावरून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, थँक गॉड, आणि मग दोघी दोन मीटरवर उभ्या राहून रडलो.

१९ सप्टेंबर
फोनवर सगळं ऐकलं. पंपाचं बेअरिंग गेलं, पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसला. मेसेजचं यंत्र गाडीवर चार्ज होतं, ते बॅटरीबरोबर मेलं. गाडी सोडून जायचं नाही हा तिकडचा पहिला नियम. डे. तरी चालत निघणार होता, तर शि.नं त्याचे बूट लपवले. दोन दिवस त्यावरून भांडत म्हातारीच्या सावलीत पडून. गुरांच्या मळ्यावरचा माणूस पवनचक्की बघायला आला, त्याला यांनी केलेल्या जाळाचा धूर दिसला.
हसत सांगत होता. मी हसले नाही. "घरी ये," म्हणाले, पहिल्यांदा सरळ. "येतोच गं. गाडी उभी राहू दे." मशीनचं बोलले नाही. जिवंत आहे, एवढंच पुरे होतं मला.

२५ ऑक्टोबर
दसरा. परत पाच किलोमीटर. घड्याळं मागे गेली, मेसेज आता दहाला. पंप दुसऱ्या राज्यातून यायचाय, हद्दी बंद. शि. तोवर गावातल्या गॅरेजात हाताखाली काम करतोय, व्हिसाही वाढवून मिळालाय. तिकडे उन्हाळा लागतोय, उन्हाळ्यात कोणी शोधायला जात नाही. म्हणजे येईल.

९ जानेवारी २०२१
नाही येणार. म्हातारी उभी राहिली आहे. आता एप्रिलपर्यंत थांबून पुढचा सीझन करायचा, मागच्या वेळेपेक्षाही आत जायचं. गाडी एकच. "रिकाम्या हातानं कसा येऊ? लोक काय म्हणतील?" मी विचारलं, कुठले लोक? इथे तर पाच किलोमीटरमध्ये ब्रीडा आणि मी.

३० जानेवारी
सांगून टाकलं. मशीन चांगलं आहे, मे महिन्यापासून मला माहीत आहे, जवळच्या जमिनीतलं बारीकही ऐकेल, फक्त लांब जाऊ नकोस. तो चिडेल म्हणून तयारीत होते.
"मग वाजत का होतं?"
"जोडवी."
मग जो हसायला लागला! डे.ला हाका मारून सांगितलं. तोही हसला. वर्षभरात शि. असा हसला नव्हता, मलाही बरं वाटलं, खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे तू काढली होतीस?"
"हो."
"आणि आत्ता?"
"आत्ता आहेत पायात. तू सापडत नव्हतास तेव्हा घातली."
मला वाटलं, आता म्हणेल, येतो.
"मग झालं तर," म्हणाला. केवढा सुटल्यासारखा आवाज. "पाठव ना मशीन. एवढा एकच सीझन."

२ फेब्रुवारी
उद्या कुरिअरवाला येणार. बॉक्स स्वयंपाकघरात आहे, टेप अजून लावलेली नाही. दहाला मेसेज आला, 'ठीक. निघालं का?' उत्तर दिलेलं नाही.
संध्याकाळी साबण घेऊन बसले. डावं निघालं. उजवं अडलंय.